काळ्या दगडाखाली आग आहे का?



२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे भूकंपाचे दोन धक्के बसले आणि परभणी-नांदेडपर्यंत माणसे घराबाहेर आली. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा एक धक्का. दोन्ही वेळचा मोठा धक्का साडेचार रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे फार मोठा नव्हे. पण तेव्हापासून आमच्या वाटूरला एक प्रश्न फिरतो आहे. फाट्यावर चहाच्या हॉटेलात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, पुण्या-मुंबईचे भाचे-पुतणे फोनवर विचारतात. "सर, आपल्या खाली ज्वालामुखी आहे म्हणतात. खरं का?"

एकेकाला तोंडी सांगून दमलो, म्हणून म्हटले एकदा नीट लिहूनच काढावे.

प्रश्न वेडगळ मुळीच नाही. आमच्याकडे विहीर खणताना काय लागते? वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. तो फोडत खाली गेले की कधी तांबड्या गेरूचा पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. हा सगळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो बाहेर आला आणि थरावर थर साचले. दोन थरांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजला, त्याची माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याने भाजली, तोच हा गेरूचा पट्टा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाने झाकलेला आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली, देवगिरीचा किल्ला त्याच्यावरच उभा. लोणारचे सरोवर आमच्यापासून फार लांब नाही. तेही पूर्वी ज्वालामुखीचे तोंड समजले जाई. ते उल्कापाताने पडलेले विवर आहे हे आता पक्के झाले आहे, पण पडले ते याच लाव्ह्याच्या दगडात.

तेव्हा एवढा लाव्हा ज्या अर्थी खालून आला, त्या अर्थी खाली चूल होती. ती विझली की अजून धुमसते आहे, असे कुणी विचारले तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

शाळेच्या पुस्तकात पृथ्वी कापलेल्या कांद्यासारखी दाखवतात. वर पातळ भूकवच, खाली जाड प्रावरण, मध्ये गाभा. प्रावरण बहुधा लाल-नारिंगी रंगवलेले असते. पोरांना वाटते तिथे सगळा रस खदखदतो आहे आणि आपण सायीवर उभे आहोत. मोठी माणसेही हेच डोक्यात ठेवून जन्म काढतात. पण हा रंग चित्रकाराचा आहे, आत जाऊन कुणी पाहिलेले नाही.

जाणार तरी कसे? माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियात कोला इथे आहे, ते सव्वाबारा किलोमीटरचे. आपल्या महाराष्ट्रात कोयनेच्या परिसरात २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले गेले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. आणि प्रावरण तर आपल्या पायाखाली पस्तीस-चाळीस किलोमीटरवर सुरू होते. त्याचा वरचा भाग, ज्याला उच्च प्रावरण म्हणतात, तो साधारण ६६० किलोमीटर खोलीपर्यंत जातो. म्हणजे आपण अजून दाराच्या उंबऱ्यापर्यंतही पोचलेलो नाही.

मग कळले कसे? माठ घेताना आपण काय करतो? आत डोकावत नाही, टिचकी मारतो. आवाजावरून कळते पक्का आहे की चिरलेला. कलिंगडाचेही तेच. पृथ्वीच्या बाबतीत टिचकी मारायचे काम भूकंप करतो. आपण फक्त कान लावून बसायचे.

हा कान लावण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून थोडा जुना आहे. १७ एप्रिल १८८९ रोजी जर्मनीत पॉट्सडॅम इथे एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ नावाच्या अभ्यासकाचा नाजूक लोलक हलला. आसपास कुठेही भूकंप नव्हता. पुढे त्याच्या वाचनात आले की त्याच दिवशी जपानमध्ये भूकंप झाला होता. पृथ्वीच्या पाठीवरच्या एका धक्क्याची खबर अर्ध्या जगापलीकडे पोचते, हे पहिल्यांदा लक्षात आले ते असे.

दुसरी मोठी गोष्ट आपल्या देशातली आहे. १२ जून १८९७ ला आसाम-शिलाँगकडे प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. या भूकंपाच्या युरोपातल्या, विशेषतः इटलीतल्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा त्यांना लहरींच्या तीन टोळ्या वेगवेगळ्या ओळखता आल्या. सर्वांत आधी पोचतात त्या प्राथमिक लहरी. या ढकलत-दाबत जातात. मग येतात दुय्यम लहरी, त्या दोर झटकल्यासारख्या आडव्या हलवत जातात. शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या लहरी. पहिल्या दोन पृथ्वीच्या पोटातून येतात. पुढे १९०६ साली याच ओल्डहॅम यांनी पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे दाखवले.

आसामच्या भूकंपानंतर सरकारला जाग आली. १८९८ च्या डिसेंबरात कलकत्त्याला अलिपूर इथे आणि १८९९ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत व कोडाईकनालला भूकंपमापक यंत्रे बसली. तेव्हा कुलाब्याचे प्रमुख होते नानाभाई मूस, त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. म्हणजे पृथ्वीच्या पोटाची नाडी बघायचे काम मराठी मुलखात पहिल्यापासून सुरू आहे.

१९०९ मध्ये झाग्रेबजवळ भूकंप झाला. तिथल्या आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांना आढळले की काही अंतरापलीकडे लहरी अपेक्षेपेक्षा लवकर पोचतात. जवळचा रस्ता सोडून त्या खाली उतरतात, खालचा वेगवान रस्ता पकडतात आणि पुन्हा वर येतात. तो वेगवान रस्ता जिथे सुरू होतो ती भूकवच आणि प्रावरण यांच्यामधली सीमा. तिलाच मोहो विलगता म्हणतात. वर भूकवचात प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला साधारण सहा-साडेसहा किलोमीटर, खाली एकदम आठच्या पुढे.

आता आपल्या मूळ प्रश्नासाठी यातली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, ते सांगतो. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. पाणी असो, तेल असो की वितळलेला खडक, आडवे हलवले तर द्रव परत जागेवर येत नाही, त्यामुळे लहर तिथेच मरते. आणि या दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जातात, जगभर, रोज जातात. म्हणजे प्रावरण घन आहे. तापलेले आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात ते मेणासारखे हळूहळू सरकतेही, पण तो रस नाही. खडक वितळतो तो ठरावीक ठिकाणी, ठरावीक कारणाने आणि बहुतेक वेळा थोडा थोडा. पुस्तकातला तो लाल समुद्र कुठेच नाही.

हे झाले जगाचे. पण आपल्या मराठवाड्याखाली काय? त्यासाठी जवळून बघावे लागले.

पहिली निकड कोयनेने निर्माण केली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे अढळ, ही समजूत त्या दिवशी मोडली. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रात दोन लांब रेघा आखल्या. एक गुहागरहून चोरोचीपर्यंत, दुसरी केळशीहून लोणीपर्यंत. त्या रेघांवर जमिनीत सुरुंग उडवून कृत्रिम लहरी सोडल्या आणि त्या खालून आपटून परत येताना टिपल्या. काळ्या पाषाणाचा थर पश्चिमेला जाड आणि पूर्वेकडे पातळ होत जातो हे त्यातून दिसले. मोहोची सीमाही सापडली, पस्तीस ते चाळीस किलोमीटरच्या दरम्यान.

पण सुरुंगाची ताकद तेवढीच. शंभर-दोनशे किलोमीटर खाली बघायचे तर टिचकीही तेवढी मोठी हवी. ती परदेशातल्या मोठ्या भूकंपांचीच. म्हणून १९८०च्या दशकात याच संस्थेच्या मंडळींनी वेगळा मार्ग धरला. अमेरिकेतले एच. एम. अय्यर, इथले विनोद गौर, एस. एस. राय आणि त्यांचे सहकारी. हैदराबादला ग्रॅनाइटवर एक कायमचे ठाणे ठेवले, पुण्याला दुसरे, आणि बाकीची यंत्रे तीन टप्प्यांत हलवत नेली. एकूण १५ ठाणी. पहिली रांग हैदराबादहून पुण्यावरून भातसापर्यंत. दुसरी पुण्याहून धारवाड-होस्पेटकडून हैदराबादला. आणि तिसरी रांग हैदराबादहून लातूर, त्या वेळचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि तिथून धुळ्यापर्यंत. नकाशा काढून बघा, लातूर ते संभाजीनगर ही रेघ आमच्या जालना जिल्ह्याच्या अंगणातूनच जाते. कुठेतरी समुद्रात भूकंप व्हायचा आणि या रेघेवरच्या यंत्रांची सुई थरथरायची. शेतात औत हाकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा.

यात बघतात काय? एस.टी.चे उदाहरण घ्या. सगळ्या गाड्या एकाच वेगाने येतात असे धरून वेळापत्रक केले. पण परतूरकडून येणारी गाडी रोज दहा मिनिटे उशिरा आणि जालन्याकडून येणारी रोज पाच मिनिटे आधी यायला लागली, तर रस्ता न बघताही आपण सांगू की इकडचा रस्ता खराब आहे आणि तिकडचा चांगला. लहरींचेही वेळापत्रक असते. अमुक अंतरावरच्या भूकंपाची लहर इतक्या मिनिटांत, इतक्या सेकंदांत पोचली पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला, तो आमच्यापासून चार हजार किलोमीटरवर. त्याची पहिली लहर आमच्या खालून गेली ती साधारण सात मिनिटांत. अशी लहर वेळेच्या आधी आली तर वाटेतला खडक थंड आणि टणक, उशिरा आली तर तापलेला आणि मऊ. अनेक दिशांच्या अनेक लहरींचा असा हिशेब एकत्र मांडला की आतले चित्र उमटते. दवाखान्यात सीटी स्कॅन करतात त्यातलाच हा प्रकार. तिथे क्ष-किरण, इथे भूकंप.

१९८९ साली त्यांचा निष्कर्ष भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. पश्चिमेकडच्या ठाण्यांवर उत्तरेच्या भूकंपांच्या लहरी हैदराबादच्या तुलनेत सुमारे एक सेकंद उशिरा येत होत्या आणि आग्नेयेच्या भूकंपांच्या लहरी सुमारे एक सेकंद लवकर. पूर्वेला सरकावे तसा हा फरक कमी होत जाई. एका सेकंदाच्या या हिशेबातून निघाले काय, तर दख्खनच्या बहुतेक भागाखाली सुमारे शंभर किलोमीटर खोलीपासून पुढे एक मोठा, दक्षिणोत्तर सुमारे ६०० किलोमीटर लांबीचा पट्टा आहे आणि त्यात लहरी आजूबाजूपेक्षा १ ते ४ टक्के जलद जातात. म्हणजे खाली आग नाही. उलट पट्टा थंड आणि टणक आहे, जणू जुन्या भूखंडाचे खोल रुतलेले मूळ. लहरी मंदावतात असा भाग सापडला तो पठाराच्या अगदी पश्चिम कडेला. जिथून लाव्हा वर आला त्या जुन्या भेगांशी त्याचे नाते असावे, असे त्यांनी मांडले.

मग चूल गेली कुठे? याचे सर्वांत मान्य उत्तर असे की चूल फारशी हलली नाही, तवा सरकला. भारताचा भूखंड तेव्हा दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे धावत होता. वाटेत तो खालून वर येणाऱ्या एका तप्त झोतावरून गेला, तेव्हा हा लाव्हा उफाळला. भूखंड पुढे निघून आला. त्या झोताच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशा एका माळेत समुद्रात पडत गेल्या आणि आज तो रियुनियन बेटाखाली आहे, आमच्यापासून सुमारे पाच हजार किलोमीटरवर. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपल्या शेतातल्या काळ्या पाषाणाचे कूळ शोधायचे तर तिकडे जावे लागते! १९९९ मध्ये केनेट आणि विद्यांतोरो या अभ्यासकांना वायव्य भारताखाली, गुजरात-राजस्थानच्या बाजूला, लहरी मंदावणारा एक भाग उच्च प्रावरणात दिसला. तो त्याच जुन्या झोताचा ठसा आहे का, असा प्रश्न त्यांनी आपल्या लेखाच्या नावातच विचारला आहे.

सगळे जुळले असे मात्र समजू नका. २००७ साली हैदराबादचीच संस्था आणि पॉट्सडॅमचे शास्त्रज्ञ (हो, तेच पॉट्सडॅम, जिथे १८८९ चा लोलक हलला होता!) यांनी मिळून 'नेचर'मध्ये लेख लिहिला. खोलवरच्या सीमेवर आपटून लहरींचा प्रकार बदलतो, त्यावरून त्यांनी भूखंडाची जाडी मोजली. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे आपले जुने सोबती १८० ते ३०० किलोमीटर जाड आणि भारत मात्र सुमारे १०० किलोमीटरच. गोंडवन फुटताना खालच्या उष्णतेने आपले मूळ झिजवले, म्हणून भारत हलका झाला आणि वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर इतक्या वेगाने पळाला, असे त्यांचे म्हणणे. आता १९८९ च्या अभ्यासात खोल मूळ आहे आणि २००७ च्या अभ्यासात ते झिजलेले आहे. हा वाद मिटलेला नाही. मला त्यात वावगे वाटत नाही. शंभर किलोमीटर खालची गोष्ट सेकंदाच्या हिशेबावरून सांगायची तर दोन जाणत्यांचे दुमत व्हायचेच. पण आपल्या प्रश्नापुरते दोघांचे उत्तर एकच आहे. मराठवाड्याखाली वितळलेल्या रसाचे तळे कुणालाही दिसलेले नाही.

इथे कुणी म्हणेल, मग किल्लारी का झाली?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसे दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हाही 'ज्वालामुखी फुटणार' ही अफवा गावोगाव फिरली होती. आमच्याकडे कित्येक दिवस लोक अंगणात नि शेतात झोपत होते, आणि रेडिओवर कुणी काही सांगितले तरी विश्वास बसत नव्हता. पुढे किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली ८ मीटर जुना गाळ आणि मग थेट जुना कठीण खडक. ना राख, ना रस. भूकंपाचा उगम तर दहा किलोमीटरच्या आतला, म्हणजे भूकवचाच्याही वरच्या भागातला. प्रावरणाचा त्यात संबंध नाही. भारताचा भूखंड हिमालयाला रेटतो आहे, आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आहे. तो ताण सगळ्या पठारात साठतो आणि जिथे जुनी भेग असेल तिथे एखाद्या पहाटे सुटतो. खडक टणक आहे म्हणूनच त्यात ताण साठतो. रस असता तर साठलाच नसता.

आणि माणसे मेली कशाने? भिंतींनी. दोन-तीन फूट रुंदीच्या, गोल दगड मातीत रचून उभ्या केलेल्या भिंती, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, अशी ती घरे. मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधली. त्या पहाटे तीच अंगावर आली. ६.२ चा धक्का इतरत्रही बसतो, पण बांधकाम भक्कम असले तर दहा हजार माणसे जात नाहीत. नंतर ५२ गावे पूर्ण नव्याने वसवली गेली. बाकीच्या मराठवाड्यात मात्र तशी जुनी घरे अजून पुष्कळ आहेत. आणि नवी घरे म्हणाल तर मातीच्या भिंतीवरच स्लॅब टाकलेलीही मी पाहिली आहेत.

म्हणून मला जो कुणी ज्वालामुखीचे विचारतो त्याला मी उलट विचारतो, बाबा, तुझी भिंत कशात बांधली आहे? कोपऱ्यांना सळया आहेत का? सज्जाच्या उंचीवर काँक्रीटचा पट्टा फिरवला आहे का? आपली भीती चुकीच्या ठिकाणी बसली आहे. पायाखालची काळजी करण्यात रात्री घालवायच्या आणि डोक्यावरच्या माळवदाखाली निर्धास्त झोपायचे, हे काही शहाणपण नव्हे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आपल्या खाली काय आहे हे आपल्याला कळले ते दुसऱ्यांच्या भूकंपांमुळे. त्यातले काही भर समुद्रात झाले, काही मात्र वस्तीखाली, कुणाच्या घरादारावरून गेले. तसेच किल्लारीच्या लहरीही त्या पहाटे काही मिनिटांत जगभरच्या यंत्रांवर उमटल्या. परदेशातल्या कुण्या अभ्यासकाने त्या वेळा आपल्या हिशेबात धरल्या असतील. त्या आकड्यांमागे गणपती बोळवून झोपलेली माणसे होती हे त्याला ठाऊक असायचे कारण नाही. आपल्याला मात्र ठाऊक आहे. निदान आपण तरी त्या ज्ञानाचा उपयोग घर नीट बांधण्यासाठी करावा.

असो. लेख लांबला. भाच्या-पुतण्यांनो, गावाकडच्या जुन्या घरात अजून कुणी राहत असेल तर या दिवाळीला आलात की आधी भिंती बघा, मग फराळाला बसा.